देवाचा दरबार आणि आपली मंडळी



आजचा विषय वरवर पाहता थोड्या लोकांचा आहे. २०११ सालच्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभर माणसांत एकसुद्धा पुरता भरत नाही. एवढ्याशा समाजाच्या घरातली गोष्ट बाकीच्यांनी का ऐकावी, असे कोणी विचारील. पण मी ज्या दुखण्याबद्दल बोलणार आहे ते एका धर्मापुरते नाही. मनापासून सुरू केलेल्या कामाची पुढे कचेरी कशी होते, आणि त्या कचेरीत बसलेल्या माणसाला मूळच्या कामाची तहान कशी लागते, त्याची ही गोष्ट आहे. शाळामास्तरांना ती कळेल, गावच्या देवस्थानच्या मानकऱ्यांना कळेल, सहकारी सोसायटीच्या जुन्या सभासदांनाही कळेल.

मी मिरजोळ्याचा. रत्नागिरी शहराला लागून असलेले हे गाव. इथे औद्योगिक वसाहत झाली तशी घाटावरची, परजिल्ह्यातली माणसे कामधंद्यासाठी येऊन राहू लागली. त्यांत ख्रिस्ती घरेही असतात. अशा घरांत बोलणे निघाले की एक सूर हमखास ऐकू येतो. माणसे म्हणतात, "रविवारी आम्ही उपासनेला जातो. गीते होतात, उपदेश होतो, सूचना वाचून दाखवतात, दानाची थैली फिरते, आणि आम्ही घरी येतो. चुकत काहीच नाही, पण मनाला काही लागतही नाही." कुणी सांगतो, मंडळीची सभा बोलावली की ती जागेवर, जमिनीवर, पंचांच्या निवडणुकीवर येऊन थांबते. कुणी सांगतो, मोठ्या शहरात गेलो तर तिथे पडद्यावर शब्द आणि कानठळ्या बसवणारे वाद्य. माणसे हजार, पण शेजारी बसलेल्याचे नाव माहीत नाही. वर कुणी उपदेशक उठतो आणि सांगतो, विश्वास ठेवा म्हणजे गाडी मिळेल, बंगला मिळेल. ज्याला डोके टेकायला जागा नव्हती त्याच्या नावाने हे सांगितले जाते! मग तरुण पोरे हळूच मागल्या बाकावर सरकतात, आणि एक दिवस तिथूनही उठून जातात.

या माणसांना आपण श्रद्धाहीन म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. ज्याला भूकच नाही तो ताटाबद्दल तक्रार करीत नाही. ही तक्रार भुकेल्याची आहे. आणि ती नवीनही नाही. नव्या करारातले शेवटचे पुस्तक उघडून पाहा. तिथे लावदिकीया नावाच्या गावच्या मंडळीला एक पत्र आहे. ती मंडळी श्रीमंत होती, स्वतःवर खूश होती, आणि पत्रात तिला कोमट म्हटले आहे. थंडही नाही आणि ऊनही नाही. त्याच पत्रात ख्रिस्त दाराशी उभा राहून दार ठोठावतो आहे असे चित्र आहे. हे चित्र घराघरांतल्या भिंतींवर टांगलेले असते. पण ते पत्र देव न मानणाऱ्यांना लिहिलेले नव्हते, हे आपण विसरतो. ते मंडळीला लिहिलेले होते. आत उपासना चालू आहे, आणि ज्याची उपासना तो बाहेर उभा आहे! आजच्या तक्रारीचा अर्थ याहून वेगळा काय आहे?

आता ही तहान ज्यांना आपल्या मराठी मुलखात लागली, आणि ज्यांनी नुसती तक्रार करून न थांबता काही केले, अशा दोघांची हकीकत सांगतो.

पहिल्या पंडिता रमाबाई. स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी काय केले ते शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचतो. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाई पंडिता होत्या. सगळी विद्या वडिलांकडून आणि आईकडून घेतलेली. इंग्रज धर्मगुरू आणि धर्मभगिनी त्यांना सांगू लागले, अमुक असेच मानायचे. बाईंनी त्यांना पत्रे लिहून विचारले, माझी सदसद्विवेकबुद्धी मी तुमच्या हाती का द्यावी? एका माणसांचे दास्य सोडले ते दुसऱ्या माणसांचे पत्करण्यासाठी नव्हे, असा त्यांचा बाणा होता. पण त्याहून मोलाची गोष्ट त्यांनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत आहे. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण खुद्द ख्रिस्त काही सापडलेला नाही. केवढी सरळ कबुली! सगळा देश जिला ओळखतो, अमेरिकेत जिची भाषणे ऐकायला लोक जमले, ती बाई हे आपल्या हाताने लिहिते. आज मागल्या बाकावर बसलेल्या मुलाला वाटत असते की असे वाटणारा मी एकटाच. त्याने हे वाचावे.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनात १९०५च्या जून महिन्यात मोठे जागरण झाले. मुली रात्र-रात्र प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. कुणाला ते आवडले, कुणाला तो गलबला वाटला. मला त्या गलबल्यापेक्षा नंतरचे काम मोठे वाटते. अंगात आलेले ओसरल्यावर काय उरते, ही जागरणाची खरी परीक्षा. केडगावात उरले ते हे: दुष्काळातून आणलेल्या मुलींना शिकवणे, छापखाना, शेती, आणि रमाबाईंचे बायबलाचे भाषांतर. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा त्या उतारवयात शिकल्या आणि साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खे पुस्तक उतरवले. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, तोवर हाच उद्योग चालू होता.

दुसरे गृहस्थ तर आपल्या जिल्ह्याचेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, गाव दापोलीकडचे करजगाव. तिथून जवळच्याच किनाऱ्यावर, हर्णैला आणि बाणकोटला, त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी, १८२० नंतरच्या दशकात, स्कॉटिश मिशनरी येऊन राहिले होते. पण टिळकांना शुभवर्तमान मिळाले ते तिकडे दूर, नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत. १८९३च्या सुमाराची ही गोष्ट. एका गोऱ्या सहप्रवाशाशी बोलणे झाले, त्याने नवा करार हाती दिला आणि वाचण्याचे वचन घेतले. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत येताच टिळकांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायको दुरावली, सासर-माहेर दुरावले. लक्ष्मीबाई साडेचार-पाच वर्षांनी त्यांच्याकडे परत आल्या. ते सगळे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे, आणि मराठी जाणणाऱ्याने ते वाचलेले नसेल तर आजच वाचायला घ्यावे.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले. उपदेशकांच्या शाळेत शिकवू लागले, 'ज्ञानोदय' पत्राचे मराठी अंग सांभाळू लागले. 'ज्ञानोदय' म्हणजे १८४२ साली नगरला सुरू झालेले पत्र. बालकवी ठोंबऱ्यांसारखा मुलगा त्यांच्या घरी राहून गेला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, गृहस्थाचे बस्तान बसले. पगार, मान, पद, छापखाना, सर्व हाताशी.

पण आत काय चालले होते? टिळकांना दिसत होते की बाप्तिस्मा घेतलेला माणूस आपल्या लोकांतून उठतो तो सरळ मिशनच्या आवारात येऊन बसतो. त्याचे घर मिशनच्या जागेत, त्याची चाकरी मिशनची, मुले मिशनच्या शाळेत, भांडण झाले तर निवाडा साहेबाकडे. पगार परदेशातून येतो, म्हणून शब्दही परदेशातून येतो. सूर परके, बसण्याची रीत परकी. शेजारचा शेतकरी म्हणतो, हा आमच्यातला राहिला नाही. आणि मंडळीत तंटा तो कशाचा? समुद्रापलीकडे निरनिराळ्या पंथांत झालेल्या जुन्या वादांचा! गंमत अशी की ख्रिस्त स्वतः पूर्वेकडचा, अंगावर झगा घातलेला, पायी हिंडणारा, विहिरीवर बसून पाणी मागणारा. तो आपल्याकडे येताना मात्र टोपी-बूट घालून आला.

टिळकांनी ओरड करण्याच्या आधी एक गोष्ट केली. त्यांनी गाणी लिहिली. अभंगाच्या चालीवर, ओवीच्या चालीवर. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि तो पूल त्यांनी मागे मोडून टाकला नाही. ख्रिस्ती भजन आणि कीर्तन यांना त्यांनी मान मिळवून दिला. टाळ-मृदंगाचा नाद प्रार्थनामंदिरात आल्यावर काही जणांनी नाके मुरडली असतील, पण अडाणी म्हातारीलासुद्धा देवाशी बोलायला आपले शब्द मिळाले. 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्य त्यांनी हाती घेतले, ते अपुरे राहिले, आणि त्यातला फार मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या बाईला शाळेचे तोंड माहीत नव्हते तिने!

तरीही मन निवेना. १९१७ साल उजाडले. टिळक पंचावन्न वर्षांचे होते, प्रकृती तोळामासा. या वयात माणूस पेन्शनचा हिशेब करतो. टिळकांनी मिशनच्या कामाचा राजीनामा दिला, पगारावर पाणी सोडले, आपण संन्यासी झालो असे जाहीर केले आणि साताऱ्याला बिऱ्हाड करून 'देवाचा दरबार' मांडला. दरबार म्हणजे काही नवा पंथ नव्हे. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या माणसांचा तो एक बंधुसंघ. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्याला जागा होती आणि न घेतलेल्यालाही होती. उंबऱ्यावर उभे करून कुणाची जात, पंथ, दाखला विचारायचा नाही, अशी ती कल्पना. आज ऐकायला सोपे वाटते. त्या काळी दोन्हीकडची माणसे बिचकली. हिंदू म्हणाले, यात बाटवण्याचा नवा डाव असेल. ख्रिस्ती म्हणाले, बाप्तिस्म्याची किंमत ती काय राहिली?

आणि दरबाराचे पुढे काय झाले? खरे तेच सांगितले पाहिजे. दरबार टिकला नाही. टिळक आजारी पडले, त्यांना मुंबईला न्यावे लागले आणि ९ मे १९१९ रोजी ते वारले. दोन वर्षेही पुरी मिळाली नाहीत. संस्था म्हणून पाहिले तर हिशेबाच्या वहीत शून्य. मग ही गोष्ट मी तुम्हाला का सांगतो?

अशासाठी की, निराश झालेल्या माणसापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक, गप्प बसून राहावे. नाव पटावर आहे, वर्गणी भरतो, मेल्यावर पुरायला जागा मिळेल, तेवढे पुरे. दुसरी, पाय आपटून बाहेर पडावे आणि जन्मभर आतल्या लोकांना नावे ठेवावी. टिळकांनी तिसरी वाट धरली. त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पण आपली माणसे सोडली नाहीत. जे आपल्याला फायद्याचे होते ते त्यांनी टाकले, आणि जे आपल्याला जड होते ते उचलले. दुसऱ्यांनी काय सोडावे याची यादी आपल्या सगळ्यांच्या खिशात तयार असते. मी काय सोडीन, इथून सुरुवात करणारा विरळा. मला वाटते, जागरण म्हणतात ते इथून सुरू होते.

याच दापोलीकडच्या मातीतला आणखी एक माणूस आठवा. पालगडचे साने गुरुजी. त्यांना ख्रिस्ती मंडळीशी कर्तव्य नव्हते. त्यांचे दैवत पंढरीचे. पण त्या दैवताच्या दारात हरिजनांना मज्जाव होता. गुरुजी विठ्ठलाला सोडून गेले नाहीत, आणि बडव्यांना शिव्याशापही दिले नाहीत. १९४७च्या मे महिन्यात त्यांनी पंढरपुरात आपला प्राण पणाला लावला आणि देवळाचे दार उघडले. दोन धर्म, पण रीत एक. देवाच्या घराविषयी ज्याला खरोखर दुखते तो त्या घराची किंमत स्वतःच्या पदरची मोजतो.

आता मंडळीतल्या बंधुभगिनींशी थोडे घरातले बोलतो. टिळकांना ज्यांच्याशी झगडायचे होते ते मिशनरी केव्हाच गेले. १९७० साली नागपुरात उत्तर भारतातल्या अनेक जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एक झाल्या आणि उत्तर भारतीय मंडळी उभी राहिली. रोमन कॅथलिकांत १९६२ ते १९६५ या काळात रोमला जी व्हॅटिकन परिषद भरली तिच्यानंतर लॅटिन जाऊन लोकांच्या भाषेत उपासना सुरू झाली. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. कारभार आपला झाला, भाषा आपली झाली. मग आज साहेबाकडे बोट दाखवता येईल काय? जमिनीचे दावे आपले, खुर्चीची ओढ आपली, जातीची कुजबुज आपली. टिळकांना बाहेरचे जू झुगारायचे होते. आपल्या मानेवरचे जू घरच्याच सुताराने केलेले आहे.

म्हणून नवीन संस्था काढा, नवी पाटी लावा, असे मी सांगणार नाही. पाट्या पुष्कळ झाल्या. कोकणात चैत्र-वैशाखात विहिरीचे पाणी खाली जाते आणि त्याला वास येऊ लागतो, तेव्हा शहाणा माणूस दुसरी विहीर खणायला धावत नाही. आधी दोर लावून आत उतरतो आणि गाळ उपसतो. काम घाणेरडे, अंग चिखलाने भरते. पण झरा खालीच असतो, गाळाच्या तळाशी दबलेला.

गाळ उपसायचा म्हणजे करायचे तरी काय? अगदी हाताजवळच्या गोष्टी आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ चार घरांनी एकत्र बसावे. उपदेशक नको, वाद्य नको, थैली नको. शुभवर्तमानातला एक उतारा लहान पोराकडून वाचून घ्यावा आणि ज्याला जे उमगले ते त्याने बोलावे. आपली जुनी गीते, ज्यांत टिळकांची कितीतरी आहेत, ती अर्थ समजून म्हणावी. ज्या मंडळ्यांचा कारभार टिळकांना मानवला नाही त्याच आज दर रविवारी त्यांची गीते गातात, यातसुद्धा केवढा बोध आहे! मंडळीचा जमाखर्च सर्वांपुढे वाचून दाखवावा, आणि जिथे पैशाचा संशय आहे तिथे ज्येष्ठांनी आपणहून चावी खाली ठेवावी. मंडळीत कुणी विधवा, कुणी आजारी, कुणी कामावरून कमी झालेला असेल, तर त्याच्या दारी पाळक जाईल म्हणून वाट न पाहता आपण जावे. आणि तो शेजारी ख्रिस्ती नसला तरी जावे.

या शेवटच्या गोष्टीसाठी लक्ष्मीबाईंची आठवण सांगतो. नवऱ्याकडे परत आल्या तेव्हा बाई आपली चूल वेगळी मांडीत, पाणी वेगळे ठेवीत. त्यांना कुणी दटावले नाही, कुणी व्याख्यान दिले नाही. एक दिवस आपल्याच मनाशी विचार करता करता त्यांना उमगले की जात ही माणसांनी केलेली आहे, देवाने केलेली नाही. आणि त्या दिवसापासून ते सारे सुटले. पुढे १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मनाचा गाळ आधी निघाला, विधी मागाहून आला. आपण पुष्कळ वेळा विधी उरकतो, आणि गाळ तसाच राहतो.

शिक्षकबंधूंना एवढेच म्हणेन की, तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा-मुलगी असेल, कोणत्याही धर्माची, की जी विचारते, "गुरुजी, देवळात एवढी भांडणं का होतात?" तिला गप्प बसवू नका. तो प्रश्न उद्धटपणाचा नसतो. कदाचित त्या सबंध गावात देवाविषयी खरी आस्था असलेले ते एकच लेकरू असेल. तिला रमाबाईंची गोष्ट सांगा, टिळकांची सांगा, साने गुरुजींची सांगा. सांगा की, बाळ, ज्यांना असे दुखले त्यांच्यामुळेच पाणी पुन्हा निवळले.

टिळकांचा दरबार दोन वर्षांत उठला. पण तो मांडायला त्यांना जागा, पैसा, परवानगी काहीच लागले नव्हते, फक्त एक राजीनामा लागला होता. तो प्रत्येकाचा निराळा असतो. कुणाला पदाचा द्यावा लागेल, कुणाला जुन्या वैराचा, कुणाला मीच खरा या समजुतीचा. तो लिहून झाला की दरबार भरवायला आपल्या घराची ओटीसुद्धा पुरते.